फाटकावरचा सैनिक

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली आणि उत्तर भारतातील अनेक शहरांत सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या आठवड्यातच देशातील काही बड्या उद्योगपतींनी जाहीर निवेदने केली. चार वर्षांची सेवा संपवून परतणाऱ्या शिस्तबद्ध, प्रशिक्षित तरुणांचे आपल्या उद्योगांत स्वागत होईल, असा त्यांचा आशय होता. या निवेदनांत महिंद्र समूहाचे आनंद महिंद्र यांचे निवेदन विशेष गाजले. त्यावर नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनी एक साधा प्रश्न विचारला. नव्या योजनेची वाट कशासाठी पाहायची? दरवर्षी हजारो प्रशिक्षित सैनिक निवृत्त होतच आहेत. त्यांच्यापर्यंत हा समूह आजवर पोहोचला आहे काय?

प्रश्न एका समूहाला विचारला गेला असला, तरी तो देशातील सगळ्या खाजगी उद्योगधंद्यांना लागू पडतो. सैनिकाविषयीची कृतज्ञता व्यक्त करण्यास खर्च येत नाही. त्याला नियमित वेतनाची, बढतीची व भविष्यनिर्वाह निधीची नोकरी द्यायची म्हटले की मात्र हिशेब सुरू होतो. भारतीय सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार माणसे निवृत्त होतात. सैन्य तरुण राहिले पाहिजे या रास्त कारणासाठी जवानाला पस्तिशी-चाळिशीच्या आसपास घरी पाठविले जाते. त्या वयात मुले शाळेत असतात, बहिणीचे लग्न व्हायचे असते, आईवडील थकलेले असतात. सरकारी कारकून ज्या वयात स्थिरस्थावर होतो, त्या वयात सैनिकाला दुसऱ्यांदा आयुष्याची सुरुवात करावी लागते. या माणसाला काम मिळाले पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणते काम, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा.

दुष्काळी तालुके आणि सैन्यभरती

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतील कित्येक गावांची ओळखच सैनिकांची गावे अशी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान मृत्युमुखी पडले. कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळीचेही तेच. या परंपरेचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु माण-खटावसारख्या अवर्षणग्रस्त भागातील, कोंकणातल्या भातखाचरांच्या तुकड्यांवर न भागणाऱ्या घरांतील मुले सैन्यात का गेली, याचे उत्तर केवळ शौर्यात सापडणार नाही. एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, दुसरा पलटणीत आणि तिसरा जमिनीवर, अशी ती वाटणी होती. दोन मनीऑर्डरींवर तिसऱ्याचा नांगर चाले. गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरांचा तो आधार हळूहळू तुटला. उरला पलटणीचा आधार. आणि आता त्याचीही मुदत चार वर्षांची झाली.

सैनिकी नोकरी व तिचे निवृत्तिवेतन यांनी महाराष्ट्रात पोट भरण्यापलीकडचे काम केले आहे, हेही विसरता येत नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांना सैन्यात शिक्षण मिळाले, निवृत्तिवेतन मिळाले आणि त्यानंतर साताऱ्यात सरकारी खात्यात नोकरी मिळाली. गावकीच्या बंधनाबाहेरचे हे उत्पन्न नसते, तर भीमराव आंबेडकरांच्या शिक्षणाची वाट किती अधिक बिकट झाली असती, याची कल्पना करावी. अस्पृश्यतेविरुद्ध १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त सैनिकच होते. १८९०च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा त्याविरुद्ध १८९४ साली त्यांनी अर्ज तयार केला; १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत नेली. पलटणीचे दार बंद होणे म्हणजे शाळेचे, पगाराचे व स्वाभिमानाचे दार बंद होणे, हे त्या पिढीने ओळखले होते. निवृत्तिवेतन घेऊन गावी परतलेला माणूस पाटलाच्या किंवा सावकाराच्या मेहेरबानीवर जगत नव्हता. त्याच्या ताठ कण्याचे मर्म छातीवरच्या पदकांइतकेच दरमहाच्या त्या निश्चित रकमेत होते.

सेवायोजन कार्यालयांचा विसरलेला जन्म

सैनिकाला नागरी जीवनात पुन्हा उभे करणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व परकीय सरकारलाही मान्य करावे लागले होते. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांपर्यंत गेली. युद्ध संपताच एवढी माणसे घरी पाठवायची वेळ आली, तेव्हा १९४५ साली पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले आणि त्याच्यामार्फत देशभर सेवायोजन कार्यालये निघाली. पुढे फाळणीनंतर निर्वासितांसाठी व १९४८पासून सर्व बेकारांसाठी ती खुली झाली. ज्या कार्यालयांच्या दारात स्वतंत्र भारतातील बेकार तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी नावे नोंदविली, त्यांचा जन्म घरी परतणाऱ्या सैनिकासाठी झाला होता. सैनिकाच्या निमित्ताने उभी राहिलेली व्यवस्था साऱ्या कष्टकऱ्यांच्या उपयोगी पडली. आजही माजी सैनिकाचा प्रश्न नीट सोडविला, तर त्याचा लाभ एकट्या सैनिकापुरता राहणार नाही, ही गोष्ट या इतिहासावरून ध्यानात घ्यावी.

त्याच काळातील दुसरी घटना मुंबईची आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रात खलाशांनी बंड पुकारले. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक आणि आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका या मागण्या सर्वांना आठवतात. सेवामुक्तीची निश्चित योजना व त्यानंतरच्या जीवनाची हमी ही मागणीही त्यांत होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. त्या खलाशांच्या पाठीशी मुंबईचा गिरणी कामगार उभा राहिला आणि गोळीबारात त्या कामगारांनी प्राण दिले. गणवेशातील श्रमिक आणि गिरणीतील श्रमिक यांच्या एकजुटीचा तो क्षण होता. बंडानंतर नोकरी गमावलेल्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलातही पुन्हा स्थान मिळाले नाही. सैनिकाच्या गौरवाची भाषणे होतात. त्याने हक्क मागितला की ती थांबतात, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

कागदावरील आरक्षण

आज कायद्याने व नियमाने माजी सैनिकाला काय मिळते, ते पाहू जाता यादी छोटी नाही. केंद्र सरकारच्या सेवेत गट ‘क’च्या थेट भरतीत १० टक्के व गट ‘ड’मध्ये २० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांत हेच प्रमाण १४.५ व २४.५ टक्के असून त्यांत अपंग माजी सैनिक व हुतात्म्यांचे वारस यांचा वाटा धरलेला आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गट ‘क’ व ‘ड’मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पुनर्वसन महासंचालनालय, केंद्रीय सैनिक मंडळ, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये अशी यंत्रणाही उभी आहे. वयाची अट शिथिल होते. मॅट्रिक झालेल्या व १५ वर्षे सेवा केलेल्या सैनिकाला पदवीची अट असलेल्या गट ‘क’च्या पदांसाठी पात्र धरले जाते.

मग तक्रार कशाची? ज्या जागांवर हे आरक्षण आहे, त्या जागाच झपाट्याने नाहीशा होत आहेत, ही तक्रार आहे. केंद्र सरकारच्या सेवेत सहाव्या वेतन आयोगानंतर गट ‘ड’ हा वर्गच गट ‘क’मध्ये विलीन झाला. शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी, माळी ही कामे संपली नाहीत; ती ठेकेदाराकडे गेली. सार्वजनिक उपक्रम विकले जातात, बँका एकत्र केल्या जातात, रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. महाराष्ट्र शासनाने ६ सप्टेंबर २०२३ च्या निर्णयाने शासकीय पदे बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्याचा घाट घातला होता. तरुणांच्या तीव्र विरोधामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या प्रसंगी अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्गांच्या आरक्षणाचे काय, हा प्रश्न विचारला गेला आणि तो योग्यच होता. परंतु कंत्राटी भरतीत माजी सैनिकाचे आरक्षणही तितकेच बुडते, हे किती माजी सैनिक संघटनांनी सांगितले? नियमित नोकरीच नाहीशी झाली की आरक्षणाची टक्केवारी म्हणजे आटलेल्या विहिरीवरचा मोट-नाडा ठरतो.

खाजगी क्षेत्रात तर बंधनच नाही. तेथे जो काही शब्द दिला जातो तो स्वेच्छेचा. मेळावे भरतात, करार होतात, छायाचित्रे छापून येतात. या स्वेच्छेच्या व्यवहारात सैन्यातील दर्जाभेदही जसाच्या तसा उतरतो. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यासाठी नामांकित व्यवस्थापन संस्थांतील अभ्यासक्रम असतात आणि त्याला कंपनीत प्रशासनाची किंवा सुरक्षाप्रमुखाची खुर्ची मिळू शकते. जवानासाठी बहुधा असते ते फाटक. रणगाड्याचे इंजिन उतरवून पुन्हा बसविणारा मेकॅनिक, हिमालयात संदेशवहनाची तार जिवंत ठेवणारा सिग्नलमन, इस्पितळात जखमींची शुश्रूषा केलेला नर्सिंग असिस्टंट, हजारो मैल अवजड वाहन चालविलेला ड्रायव्हर, कोठाराचा पै-पैचा हिशेब ठेवलेला स्टोअरकीपर, या साऱ्यांना बाजारात एकच नाव मिळते: एक्स-सर्व्हिसमन सिक्युरिटी गार्ड. पंधरा-वीस वर्षे देशाच्या खर्चाने घडविलेले कौशल्य एका वहीत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहिण्यात संपते. यात त्या जवानाचे नुकसान आहेच, समाजाचेही आहे.

शिस्त कोणाला हवी?

उद्योगपती माजी सैनिकाविषयी बोलतात तेव्हा एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे शिस्त. या शब्दाचा अर्थ तपासून पाहिला पाहिजे. वेळेवर येणे, यंत्राची निगा राखणे, सहकाऱ्याला संकटात न सोडणे, सोपविलेले काम तडीस नेणे, या अर्थाने शिस्त हा सैनिकाचा खरा गुण आहे आणि त्याचे मोल झालेच पाहिजे. परंतु मालकाच्या मनात पुष्कळदा दुसराच अर्थ असतो. न बोलता बारा तास उभा राहील, रजा मागणार नाही, संघटनेचे नाव काढणार नाही, आणि वेळ आली तर संपावर गेलेल्या कामगाराला फाटकावर अडवील, असा माणूस त्याला हवा असतो.

येथे एक मूलभूत गोष्ट सांगितली पाहिजे. सैन्यात असताना जवानाला संघटना करण्याचा, जाहीर बोलण्याचा, सभा भरविण्याचा हक्क मर्यादित असतो. राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने संसदेला तसा अधिकार दिला आहे आणि १९५० च्या सैन्य कायद्याने तो अमलात आणला आहे. देशरक्षणाच्या कामासाठी नागरिकाने आपल्या स्वातंत्र्याचा काही भाग काही वर्षांपुरता बाजूला ठेवलेला असतो. सेवा संपली की ते स्वातंत्र्य पूर्णांशाने त्याचे त्याला परत मिळते. सैनिकाची निवृत्ती म्हणजे नागरिकाचे पुनरागमन होय. अशा माणसाने कारखान्यात पाऊल टाकताना ते स्वातंत्र्य पुन्हा एकदा मालकाच्या दारात ठेवावे, अशी अपेक्षा बाळगणे हा त्याचा अपमान आहे. सीमेवरची शिस्त राष्ट्रासाठी होती. ती कोणाच्या नफ्यासाठी गहाण ठेवलेली नाही.

पहारेकऱ्याच्या धंद्याची अवस्थाही कायद्याच्या आरशात पाहण्यासारखी आहे. खाजगी सुरक्षा एजन्सींविषयीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात माजी सैनिकांना प्राधान्य देण्याचा उल्लेख आहे. पण कायद्याची भाषा एजन्सी प्राधान्य ‘देऊ शकेल’ अशी आहे, ‘देईल’ अशी नाही. याउलट महाराष्ट्राने १९८१ साली सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर मालक, रक्षक व शासन यांचे मंडळ नेमून नोंदणी, वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांची व्यवस्था त्यात केली गेली. असंघटित कष्टकऱ्याला ठेकेदाराच्या हातून सोडविण्याचा हा कामगार चळवळीने घालून दिलेला मार्ग होता. परंतु सवलतीच्या कलमाचा आधार घेऊन एजन्सींनी सूट मिळविली आणि मंडळाच्या कक्षेबाहेर फार मोठी संख्या राहिली. परिणामी तीच पहाऱ्याची जागा, तोच दंडुका, पण नोंदणीकृत रक्षकाचे वेतन एक आणि एजन्सीच्या रक्षकाचे दुसरे. आणि एजन्सीकडे बारा तासांची पाळी हा जणू नियमच. ‘माजी सैनिकांना रोजगार’ या मथळ्याखाली ही दुसरी नोकरी मोजली जात असेल, तर तो रोजगार वाढविण्याची घाई कोणी करू नये.

चार वर्षांचा हिशेब

अग्निपथ योजनेने या जुन्या प्रश्नाला नवी धार आली आहे. या योजनेखाली भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत राहतील. उरलेले चार वर्षांनी बाहेर पडतील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. बाहेर पडताना त्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी मिळावयाचा आहे. या रकमेकडे पाहून अनेकांचे डोळे दिपले. परंतु तिची फोड करावी. पहिल्या वर्षी दरमहा ३० हजार व चौथ्या वर्षी ४० हजार या वेतनातून ३० टक्के कपात होऊन अग्निवीराचे स्वतःचे ५ लाख २ हजार रुपये त्यात जमा होतात, तितकेच सरकार घालते, बाकीचे व्याज. म्हणजे निम्मी रक्कम त्याच्याच पगारातून साठविलेली आहे. त्यापलीकडे निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही.

निश्चित मुदतीची नोकरी ही मालकवर्गाची जुनी मागणी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनी तिला राजमान्यता दिली आणि कायम नोकरीची कल्पना आणखी खिळखिळी केली. तरीही त्याच संहितांत निश्चित मुदतीच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाचा हक्क दिलेला आहे. म्हणजे कारखान्यात वर्षभर नट आवळणाऱ्या मुदतबंद कामगाराला जे देणे कायद्याने बंधनकारक आहे, ते सीमेवर चार वर्षे उभ्या राहणाऱ्या तरुणाला देण्यास सरकार स्वतः तयार नाही. उद्योगांनी सैनिकांना सामावून घ्यावे, असा उपदेश करणाऱ्या सरकारने आधी स्वतःच्या या व्यवहाराचे समर्थन करावे.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत, आसाम रायफल्समध्ये व संरक्षण खात्याच्या नागरी पदांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागांची घोषणा २०२२ सालीच झाली. घोषणा स्वागतार्ह आहे. पण माजी सैनिकांच्या आरक्षणाचा आजवरचा अनुभव लक्षात घेता घोषित टक्केवारी व प्रत्यक्ष नेमणूक यांतील अंतर दरवर्षी जाहीर आकड्यांनी दाखविले गेले पाहिजे. एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षी शस्त्राचे शिक्षण घेऊन गावी परतलेला, शिक्षणात मागे पडलेला आणि नोकरी नसलेला तरुण कोणाच्या हाती लागेल, हा प्रश्न घाबरविण्यासाठी विचारायचा नसतो. तरुणांवर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. परंतु बेकारी कोणालाच सज्जन बनवीत नाही आणि द्वेषाचे दुकान मांडून बसलेल्यांना रिकाम्या हातांची नेहमीच गरज असते, हे सत्य नाकारून चालणार नाही.

स्वेच्छा पुरी पडत नाही

उद्योगांच्या सद्भावनेवर विसंबून सैनिकांचे पुनर्वसन होत नाही, हे इतर देशांनीही अनुभवले आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली ब्रिटनमध्ये अपंग सैनिकांसाठी राजाच्या नावाने एक राष्ट्रीय नामावली सुरू झाली. आपल्या कामगारांत पाच टक्के अपंग माजी सैनिक घेण्याचे वचन देणाऱ्या मालकाचे नाव त्या नामावलीत येई व त्याला सन्मानचिन्ह वापरता येई. पुढे सरकारी कंत्राटांत अशा मालकांना प्राधान्यही मिळू लागले. त्यातून पुष्कळांना काम मिळाले, परंतु गरजेइतके नाही. जर्मनीने १९२० सालीच याबाबत कायद्याने सक्ती केली होती. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, ब्रिटनलाही कायदा करावा लागला आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांवर अपंगांना कामावर घेण्याचे बंधन आले. त्याचे प्रमाण तीन टक्के ठरले. हा कायदा सैनिकांपुरता नव्हता, सर्व अपंग नागरिकांसाठी होता. त्याची अंमलबजावणी ढिली राहिली, ही गोष्ट वेगळी आणि तीही शिकण्यासारखी: कायदा केला तरी त्याच्यामागे जागरूक चळवळ नसेल, तर तोही कागदच राहतो.

भारतात या दिशेने कोणती पावले टाकता येतील, ते अवघड नाही. औद्योगिक वसाहतीतील भूखंड, करसवलती, विजेच्या दरातील सूट, सरकारी खरेदी असे लाभ जे उद्योग घेतात, त्यांच्याकडून माजी सैनिकांच्या व अग्निवीरांच्या नियमित नेमणुकीची अट घालून घ्यावी. सार्वजनिक पैशाचा लाभ घेणाऱ्याने सार्वजनिक जबाबदारीचा वाटा उचलावा, यात जुलूम नाही. अशा प्रत्येक उद्योगाने किती माजी सैनिक घेतले, कोणत्या पदावर घेतले, किती कायम केले व किती ठेकेदारामार्फत ठेवले, याची नोंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. सैन्यातील प्रत्येक कसबाला सेवामुक्तीपूर्वीच नागरी व्यवसायाचे प्रमाणपत्र मिळावे आणि ते औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्राइतकेच ग्राह्य धरण्याची सक्ती मालकांवर असावी. वेतन ठरविताना सैन्यातील सेवेची वर्षे धरली जावीत. सुरक्षा रक्षकांना सरसकट १९८१ च्या कायद्याच्या मंडळाखाली आणावे, सुटी रद्द कराव्यात, आठ तासांची पाळी प्रत्यक्षात आणावी. आणि अग्निवीराला उपदान व माजी सैनिकाचा दर्जा द्यावा.

दोन शंकांचे उत्तर

समाजवादी विचाराच्या मंडळींत या प्रश्नाविषयी दोन प्रकारचा संकोच आढळतो. सैन्यावरील खर्चाला व युद्धखोर वृत्तीला विरोध असताना सैनिकाच्या मागण्या पुढे कशा रेटायच्या, ही एक शंका. ती गैरसमजातून येते. युद्धाचे निर्णय जवान घेत नाही. युद्धाची किंमत मात्र तोच देतो आणि त्याच्यामागे त्याची पत्नी ती वर्षानुवर्षे शेतात राबून देत राहते. शांततेचा पुरस्कार करणाऱ्यांनी तर परतलेल्या सैनिकाच्या पुनर्वसनाचा आग्रह अधिक धरला पाहिजे. सैनिकाचे नाव घेऊन मते मागणाऱ्यांच्या हाती त्याचा प्रश्न सोडून देणे ही राजकीय चूकही ठरेल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. लाखो तरुण बेकार असताना एका घटकाला अग्रहक्क का? याचे उत्तर असे की समांतर आरक्षणात माजी सैनिक आपापल्या सामाजिक प्रवर्गातूनच येतो. मागासवर्गीयांचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. आणि ज्याला राज्याने तारुण्यात घेतले व मध्यान्हीला सोडून दिले, त्याच्याविषयी राज्याचे ऋण वेगळे आहे. तरीही हे मान्य केले पाहिजे की एकूण नोकऱ्याच वाढल्या नाहीत, तर कोणतेही आरक्षण म्हणजे एकाच भाकरीचे तुकडे बदलणे होय. म्हणूनच माजी सैनिकाची मागणी ही रिक्त पदे भरा, ठेकेदारी संपवा, कामाचा हक्क द्या या व्यापक मागणीपासून वेगळी काढता येत नाही. १९४५ साली सैनिकासाठी उघडलेले दार १९४८ साली सर्वांसाठी उघडले, तसेच आजही घडविता येईल.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. ज्या तालुक्यांत माजी सैनिकांची संख्या मोठी आहे तेथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंदणी किती, नेमणुका किती, याची माहिती माहिती अधिकाराखाली मागावी. जिल्हा परिषदा, महापालिका, सहकारी साखर कारखाने व जिल्हा बँका यांच्याकडे राखीव जागांचा हिशेब विचारावा. औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवरील रक्षकांची पाळी, वेतन व भविष्यनिर्वाह निधी यांची गावनिहाय पाहणी करावी आणि ती कामगार आयुक्तांपुढे ठेवावी. २०२६ च्या अखेरीपासून गावोगावी परतणाऱ्या अग्निवीरांची यादी गावातील कार्यकर्त्याकडे असावी. त्यांचे अर्ज, प्रमाणपत्रे, पुढील शिक्षण यांत त्यांना हात द्यावा. कामगार संघटनांनीही फाटकावरच्या माणसाला मालकाचा माणूस समजण्याची सवय टाकून त्याला सभासद करून घ्यावे. संपाच्या दिवशी तो कोणत्या बाजूला उभा राहील, हे त्याच्याशी आधीच्या तीनशे दिवसांत कोण बोलले यावर अवलंबून असते.

उद्योगपतींनी सैनिकाला बोलाविले आहे, ते चांगलेच झाले. त्यांच्या शब्दावर त्यांना बांधून घेतले पाहिजे. पण सैनिकाने आत यायचे ते कामगार म्हणून, कायद्याने ठरलेल्या वेतनावर, आपल्या कसबाच्या जागेवर आणि संघटनेच्या सभासदाच्या नात्याने. जो माणूस देशाचे फाटक राखून आला आहे, त्याच्यासाठी कारखान्याचे दार पूर्ण उघडले पाहिजे. ते आपोआप उघडणार नाही. आतल्या कामगाराने आणि बाहेरच्या सैनिकाने मिळून ते उघडावे लागेल.